ऑर्डरचे घोडे आणि रंकाळ्याचं पाणी

जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका करून कोल्हापूरहून मुंबईला आलो, तेव्हा खोलीचं पहिलं भाडं निघालं ते सात घोड्यांवर. वास्तुशास्त्रवाल्यांच्या आवडीचं चित्र ते: धावणारे सात पांढरे घोडे, मागे उगवता सूर्य. एका इंटिरियरवाल्याने सोफ्याच्या कापडाचा तुकडा हातात दिला आणि आभाळ याच रंगात हवं म्हणाला. तसं करून दिलं. दोन वर्षांनी अशी वेळ आली की पेन्सिल न लावता मी थेट ब्रशने घोडे काढायचो.

कलामहाविद्यालयातली मुलं विचारतात, पोटासाठी असलं काम करावं का? करावं. चित्रकार एम. एफ. हुसेन याच मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. घरून पैसे मागवून रंग आणण्यापेक्षा घोडे काढणं मला आजही बरं वाटतं.

माझं नुकसान वेगळ्या जागी झालं. एका पावसाळ्यात गावी गेलो आणि विद्यार्थिदशेतल्यासारखा रंकाळ्यावर जलरंग घेऊन बसलो. समोर करडं, जड आभाळ. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर टाकला आणि बघतो तर कागदावर सोफ्याच्या रंगाचं आभाळ उतरलं होतं. पाण्याकडे न बघताच हात चालला होता. तीन कागद फाडले, चौथ्यावरही तेच. त्या दिवशी मी खरंच घाबरलो. पैसे घेतल्याने काही बिघडलं नव्हतं; जे एकदा खपलं तेच हात पुन्हा पुन्हा करत राहिला आणि डोळ्याने बघणं सोडलं, ते मला कळलंच नव्हतं.

त्यानंतर दोन्ही कामांचं माध्यमच वेगळं केलं. ऑर्डर ॲक्रिलिकमध्ये, दुपारनंतर. सकाळचे चार तास माझे, तैलरंगाचे. तैलरंग लवकर वाळत नाही, म्हणून घाईही करता येत नाही. हात ताळ्यावर यायला वर्ष गेलं.

प्रदर्शनाचंही सांगतो. ‘तुमची निवड झाली आहे’ असा निरोप आला की आधी विचारा, पैसे कोण कोणाला देणार? मी एका ग्रुप शोसाठी सहभाग शुल्क भरलं, वर विक्रीवर चाळीस टक्के कमिशन कबूल केलं. आठवडाभरात बघायला आले ते आमचेच नातेवाईक. जो आधीच चित्रकाराकडून कमावतो, त्याला चित्र विकायची निकड नसते. त्यापेक्षा १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला काम पाठवा. जहांगीर आर्ट गॅलरीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तेव्हा अर्ज लवकर करा.

आणि कायदा वाचा, हे मला कोणी वर्गात सांगितलं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट त्या गिऱ्हाइकाचा होतो. स्वतःहून काढलेलं चित्र विकलं, तरी कॉपीराइट आपल्याकडेच राहतो. शिवाय असं चित्र पुढे दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा असतो, जास्तीत जास्त दहा टक्के. व्यवहारात तो क्वचितच मिळतो, पण मागायचा तर पहिल्या विक्रीचा कागद हवा. वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे. ते २००१ साली गेले आणि २०२१मध्ये त्यांचं १९६१चं एक चित्र लिलावात ३९.९८ कोटींना गेलं. बाजार कधी जागा होईल, याचा भरवसा नाही.

आता माझ्याकडे दोन बिलबुकं आहेत. ऑर्डरच्या बिलावर कॉपीराइट माझ्याकडे राहील असं लिहून गिऱ्हाइकाची सही घेतो. दुसऱ्यात चित्राचा फोटो, मोजमाप, साल आणि घेणाऱ्याचं नाव. पहिलं भराभर संपतं. दुसऱ्याची गेल्या वर्षी चार पानं भरली. त्यातलं एक रंकाळ्याचं आहे.