रनिंग बॅकमध्ये कॅरी वाटताना या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये मुख्यतः चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूला रनिंग बॅक म्हणतात आणि त्याच्या अशा प्रत्येक धावेला कॅरी. २०२३ च्या मोसमात डेट्रॉइट लायन्सच्या डेव्हिड माँटगोमेरीनं १,०१५ यार्ड आणि १३ टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोल लाइनपलीकडे नेणं) मिळवले. त्याचा जोडीदार जामीर गिब्स याचे ९४५ यार्ड आणि १० टचडाउन. एकाच टीमचे दोन रनिंग बॅक, दोघांनाही भरपूर काम आणि दोघंही डिसेंबरमध्ये ताजेतवाने. हे पाहून अमेरिकेतल्या कितीतरी शाळांच्या टीमनीही ‘आपणही दोघांत वाटू’ असं ठरवलं असेल. कल्पना मात्र जुनी आहे. १९७२ च्या मायामी डॉल्फिन्समध्ये लॅरी झोंकानं १,११७ आणि मर्क्युरी मॉरिसनं बरोबर १,००० यार्ड काढले होते. एका टीमच्या दोन बॅकनी हजारी गाठण्याची एनएफएल या व्यावसायिक लीगमधली ती पहिलीच वेळ, आणि त्या मोसमात ती टीम एकही सामना हरली नाही.

कागदावर हे फार सोपं दिसतं. मैदानावर मात्र बऱ्याच टीमचं उलटंच होतं. सगळ्यांचीच सरासरी घसरते, समोरच्या डिफेन्सला म्हणजे बचाव करणाऱ्यांना प्ले (ठरवलेली चाल) आधीच कळतो, नको तेव्हा फंबल होतो म्हणजे हातातून चेंडू सुटतो आणि मुलं वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसतात. अमेरिकेतल्या टीमना मदत करणारे आणि शुक्रवारी रात्री कुंपणाशी उभे राहून मुलांचे सामने पाहणारे मराठी पालक आता कमी नाहीत. त्यांना आणि नव्या कोचना उपयोगी पडावं म्हणून नेहमी दिसणाऱ्या चुका इथे मांडतो. माझ्या मते यातल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे: आपण चेंडू हातात असतानाचं काम वाटतो आणि चेंडू हातात नसतानाच्या कामाची वाटणी करायचं विसरतो.

सगळ्यांना सारख्या कॅरी देणं

‘याला दहा, त्याला दहा’ हा हिशोब न्यायाचा वाटतो, पण खेळाच्या दृष्टीनं तो निरर्थक आहे. बॅकला लय लागते. पहिल्या दोन-तीन कॅरीत त्याला समोरचे लाइनबॅकर (पुढच्या रांगेमागचे बचावपटू) किती वेगानं पुढे येतात, कोण आधी झेपावतो, कोण थांबून बघतो हे कळतं. चौथ्या कॅरीला तो ते वापरतो. दर प्लेला माणूस बदललात तर कुणीच त्या चौथ्या कॅरीपर्यंत पोचत नाही.

उपाय सरळ आहे. बदल प्लेप्रमाणे न करता ड्राइव्हप्रमाणे (चेंडू ताब्यात आल्यापासून तो जाईपर्यंतचे सगळे प्ले) करा. पहिले दोन ड्राइव्ह एकाचे, तिसरा दुसऱ्याचा. ‘तिसरा डाउन, सात यार्ड बाकी’ (डाउन म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार संधींपैकी एक) अशा खास प्रसंगांसाठी वेगळा माणूस ठरलेला असला तर हरकत नाही. क्रिकेटचा कॅप्टन नवा चेंडू एकाला देतो आणि शेवटची षटकं दुसऱ्याला, तसंच हे आहे. षटकांची संख्या समान झाली का, हे कुणी विचारत नाही.

एखाद्याचा दिवस असेल तर योजना बाजूला ठेवायची तयारीही हवी. २०१९ च्या मोसमातल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सकडे रहीम मोस्टर्ट, मॅट ब्रीडा आणि टेव्हिन कोलमन असे तिघं होते आणि तिघांनीही त्या मोसमात पाचशेहून जास्त यार्ड काढले. प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्ध कोलमननं २२ कॅरीत १०५ यार्ड काढले. पुढच्याच सामन्यात, १९ जानेवारी २०२० ला ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध, त्याचा खांदा दुखावला. मग मोस्टर्टनं २९ कॅरीत २२० यार्ड आणि चार टचडाउन केले. त्या दिवशी क्वार्टरबॅकनं (पास टाकणारा, चाल चालवणारा खेळाडू) जेमतेम ८ पास टाकले. मोस्टर्ट पळतोय म्हटल्यावर कोचनी त्याच्याच हातात चेंडू दिला. सुपर बोलला, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याला, जायला तेवढं पुरलं.

तीन नावं, एक चेंडू

दोघांची वाटणी जमते. तिघांची जमू शकते, पण तिसऱ्याचं काम अगदी नेमकं ठरलेलं असेल तरच. ‘नाव मोठं आहे, बघू कुठे बसवता येतं ते’ या विचारानं तिसरा घेतला की तिघांचंही नुकसान होतं.

२०१७ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडे मार्क इन्ग्रॅम होता, नवखा अॅल्विन कमारा होता आणि त्यात एड्रियन पीटरसन आला. पीटरसन म्हणजे त्याच्या पिढीतला सर्वांत नावाजलेला बॅक. पहिल्याच सामन्यात, तोही त्याच्या जुन्या टीमविरुद्ध, त्याला ६ कॅरी मिळाल्या आणि १८ यार्ड निघाले. चार सामन्यांत मिळून २७ कॅरी आणि ८१ यार्ड. ऑक्टोबरमध्ये सेंट्सनी त्याला अॅरिझोनाला दिलं. तिथं पहिल्याच सामन्यात त्याला २६ वेळा चेंडू मिळाला आणि त्यानं १३४ यार्ड काढले, म्हणजे माणूस संपलेला नव्हता. इकडे सेंट्समध्ये इन्ग्रॅम आणि कमारा दोघांनीही धावून आणि झेल घेऊन मोसमात दीड हजारांहून जास्त यार्ड काढले. एका टीमच्या दोन बॅकनी हे याआधी कधीच केलं नव्हतं.

वीस-पंचवीस कॅरी मिळाल्यावर रंगात येणारा बॅक असतो, तसा आठ स्पर्शांत सामना फिरवणाराही असतो. पहिल्या जातीचा माणूस आठ कॅरींवर ठेवू नका.

कोण आत आला यावरून प्ले ओळखू येणं

लक्षण असं: दांडगा बॅक आत आला की समोरचे आठ जण लाइनजवळ (प्ले जिथून सुरू होतो त्या रेषेजवळ) येऊन उभे राहतात, आणि चपळ बॅक आला की मागे सरकतात. याचा अर्थ त्यांनी तुमचं व्हिडिओ चित्रण पाहिलंय आणि तुमचा बॅकच तुमचा प्ले सांगतोय.

तपासायला एक कागद पुरे. मागच्या तीन सामन्यांतले पहिल्या डाउनचे प्ले घ्या आणि प्रत्येक बॅकसमोर धाव किती, पास किती ते लिहा. एखाद्याच्या नावासमोर दहातले नऊ प्ले धावण्याचे असतील तर ती वाटणी प्रतिस्पर्ध्यालाही पाठ आहे. दांडग्या बॅकला पहिल्या डाउनवर आखूड पास द्या, चपळ बॅकला मधून पळवा. रोज नको, पण समोरच्याला शंका येईल इतपत.

सुपर बोल ५३ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी हेच केलं. ३-३ अशी बरोबरी असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यांनी दोन बॅक आणि दोन टाइट एंड (समोरच्यांना अडवणारे आणि पासही झेलणारे) अशी, सरळ धाव घेणार असं वाटावं अशी माणसं आत पाठवली आणि त्यांनाच मैदानभर पसरवून उभं केलं. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीनं पासवर पास टाकत चेंडू गोल लाइनजवळ आणला आणि मग सोनी मिशेल दोन यार्ड घुसला. त्या सामन्यातला तो एकुलता एक टचडाउन.

शाळेच्या पातळीवर आणखी एक गोष्ट बघा. खाली वाकून हात टेकवणारा मुलगा धाव असली की बोटांवर जास्त भार टाकतो आणि ब्लॉक (समोरच्याला अंगानं अडवणं) असला की टाचांवर बसतो. बोटांची टोकं पांढरी पडलेली समोरचा लाइनबॅकर पाच यार्डांवरून बघतो.

ब्लिट्झ कोण अडवणार, हे न शिकवणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही आहे आणि सर्वांत कमी बोललं जातं ते हिच्याबद्दलच. ब्लिट्झ म्हणजे जादा बचावपटूंनी क्वार्टरबॅकवर धावून जाणं. पासच्या प्लेत बॅकचं काम बहुतेक वेळा क्वार्टरबॅकला वाचवण्याचं असतं. यार्डांच्या तक्त्यात ते कुठेच दिसत नाही, त्यामुळे मुलांना त्यात रस नसतो आणि सरावात ते शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं जातं. तेही पहिल्या बॅकसोबत.

५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन, सुपर बोल ५१. अटलांटा फाल्कन्सकडे डेव्होन्टा फ्रीमन आणि टेव्हिन कोलमन ही लीगमधल्या उत्तम जोड्यांपैकी एक जोडी होती. २८-३ अशी आघाडी मिळवून झाली होती आणि आता गुणफलक २८-१२ होता. साडेआठ मिनिटं उरली होती. थोड्याच वेळापूर्वी कोलमन दुखापत होऊन बाहेर गेला होता. तिसरा डाउन, एक यार्ड बाकी. अटलांटाचा क्वार्टरबॅक मॅट रायन पाससाठी मागे गेला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा लाइनबॅकर डोन्टा हायटॉवर धावत आला, फ्रीमनकडून तो ब्लॉक झाला नाही आणि रायनच्या हातातून चेंडू निसटला. पेट्रियट्सनी तो अटलांटाच्या २५ यार्डांच्या आसपास उचलला. काही प्लेतच टचडाउन झाला, पाठोपाठ दोन गुणांचा प्रयत्नही (टचडाउननंतर मिळणारी जादा संधी) यशस्वी झाला आणि २८-२० झाले. पुढे पेट्रियट्सनी तो सामना ओव्हरटाइममध्ये जिंकला.

त्या दोन गुणांसाठी थेट स्नॅप (प्ले सुरू करताना मागे दिलेला चेंडू) घेऊन पळाला तो जेम्स व्हाइट. त्या मोसमात पेट्रियट्सचा मुख्य बॅक लेगॅरेट ब्लाउंट होता: १,१६१ यार्ड, १८ टचडाउन. पण त्या रात्री ब्लाउंटचे ३१ यार्ड झाले आणि एक फंबल. पंचवीस गुणांनी मागे असताना पास झेलणारा, क्वार्टरबॅकला सांभाळणारा बॅक हवा होता आणि तो त्यांच्याकडे तयार होता. व्हाइटनं १४ झेल घेतले, तीन टचडाउन केले, ओव्हरटाइममधला विजयी टचडाउनही त्याचाच. खरी वाटणी ही अशी असते.

तुमच्या टीमसाठी तीन गोष्टी करा.

एक, प्रत्येक बॅकला, तिसऱ्या-चौथ्यालाही, रोज ब्लिट्झ अडवण्याचा सराव द्या. दोन लाइनबॅकर समोर उभे करा आणि कोण येणार ते बॅकला सांगू नका. नजर आतून बाहेर गेली पाहिजे. मधून येणारा क्वार्टरबॅकपर्यंत आधी पोचतो, त्यामुळे तो पहिला आणि कडेनं येणारा नंतर.

दोन, वाट बघत उभं राहायची सवय मोडा. घाबरलेला मुलगा क्वार्टरबॅकच्या मांडीला चिकटून उभा राहतो, मग धडक झाली की दोघंही पडतात. त्यानं दोन पावलं पुढे जाऊन लाइनजवळच गाठ घ्यायला हवी. गुडघे वाकलेले, हात आत, डोकं वर. डोकं खाली घालणं धोक्याचंही आहे, मानेला इजा होते. इथं कोचनी जराही ढिलाई करू नये.

तीन, नियम करा: ज्याला या प्लेत आपला माणूस कोण हे तोंडी सांगता येत नाही, तो तिसऱ्या डाउनला आत जाणार नाही. मग तो कितीही वेगवान असो.

हँडऑफचा सराव फक्त पहिल्या बॅकला देणं

हँडऑफ म्हणजे क्वार्टरबॅकनं बॅकच्या हातात चेंडू देणं. २८ जानेवारी २०२४ चा एनएफसी (एनएफएलच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामना. मध्यंतराला लायन्स २४-७ नं पुढे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये फोर्टीनायनर्स २४-१७ पर्यंत आले आणि त्यानंतरच्या पहिल्याच प्लेला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि गिब्स यांच्यात चेंडूची देवाणघेवाण फसली. चेंडू खाली पडला, समोरच्यांना मिळाला आणि बरोबरी झाली. लायन्स ३४-३१ असे हरले. एनएफएलमधल्या सर्वोत्तम जोडीतल्या बॅकच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर आठवड्यात चार हँडऑफ घेणाऱ्या मुलाचं काय?

प्रत्येक बॅकचं पाऊल वेगळं असतं. आखूड पावलांचा बॅक अर्धा क्षण आधी पोचतो, लांब टांगांचा नंतर. दोष हातांचा वाटतो, पण बरेचदा तो उभं राहण्याच्या जागेचा असतो. लवकर पोचणाऱ्याला अर्धं पाऊल मागे उभं करा, बस्स. बाकी सगळं प्राथमिक आहे: क्वार्टरबॅककडच्या हाताचं कोपर वर, दुसरा हात पोटाखाली, आणि नजर पुढच्या फटीवर. चेंडूकडे बघायचं नाही, तो पोटात ठेवणं क्वार्टरबॅकचं काम आहे. प्रत्येक बॅकचा प्रत्येक क्वार्टरबॅकसोबत सराव झाला पाहिजे, राखीव क्वार्टरबॅकसोबतही. ऑक्टोबरात थंडी पडू लागली की एक दिवस चेंडू ओला करून घ्या.

एका फंबलवर बाहेर बसवणं

वाटणी असली की शिक्षा सोपी होते, दुसरा तयारच असतो. त्यामुळे मुलं चेंडू वाचवायला पळतात, यार्ड काढायला नाही. १ जानेवारी २०१८ च्या रोझ बोल या कॉलेज टीमच्या सामन्यात जॉर्जियाच्या सोनी मिशेलच्या हातून शेवटच्या क्वार्टरमध्ये चेंडू सुटला आणि ओक्लाहोमानं तो थेट टचडाउनपर्यंत नेला. त्याचा जोडीदार निक चबनं ५५ सेकंद उरले असताना बरोबरी साधून दिली. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये चेंडू पुन्हा मिशेलकडेच गेला आणि तो २७ यार्ड पळून सामना जिंकून आला. चूक तांत्रिक असेल, म्हणजे चेंडू आतल्या हातात होता किंवा कोपर शरीरापासून सुटलं होतं, तर बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगा आणि पुढच्या ड्राइव्हला परत पाठवा.

प्लेबुकला न जुळणारा बॅक

डिमार्को मरेनं २०१४ मध्ये डॅलससाठी ३९२ कॅरीत १,८४५ यार्ड काढले. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फियात रायन मॅथ्यूजसोबत होता. मरेच्या १९३ कॅरीत ७०२ यार्ड झाले, मॅथ्यूजच्या १०६ मध्ये ५३९. क्वार्टरबॅकच्या मागे खोल उभं राहून सरळ पुढे येणाऱ्या बॅकला त्याच्या शेजारी उभं करून आडवं पळवलं की असं होतं. दोघांपैकी कुणाला कोणते प्ले जमतात ते आधी लिहून काढा, मग नावं भरा.

दोष वाटणीचा की लाइनचा?

काहीही बदलण्याआधी हे बघा. (लाइन म्हणजे इथे बॅकसाठी वाट मोकळी करणारी पुढची फळी.) व्हिडिओवर प्रत्येक धावेत बॅकला पहिला स्पर्श कुठे होतो ते मोजा. एकाला प्ले सुरू होण्याच्या रेषेच्या मागे आणि दुसऱ्याला तीन यार्ड पुढे होत असेल तर फरक बॅकच्या नजरेत आहे, वाटणी बदलून उपयोग होईल. सगळ्यांनाच मागे गाठलं जात असेल तर बॅक फिरवत राहण्यात वेळ घालवू नका, लाइनच्या कोचसोबत बसा. आणि एकच बॅक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे उजवा असेल, त्याचं शरीर भार पेलत असेल, तर त्यालाच पळू द्या. २०२४ मध्ये फिलाडेल्फियानं सेक्वॉन बार्कलीला ३४५ कॅरी दिल्या, त्यानं २,००५ यार्ड काढले आणि टीमनं सुपर बोल जिंकला. त्या वर्षी वाटणीचा आग्रह धरला असता तर तीच चूक ठरली असती.