रेडिओवर आठवडाभराची चर्चामालिका कशी आखावी

आरोग्य, विज्ञान, समाज आणि संस्कृती यांवर सात दिवस चर्चा घडवायची असेल, तर आधी विषय नव्हे, प्रश्न ठरवावेत. ‘मधुमेह’ हा विषय झाला. ‘मधुमेह असताना उपवास करावा का?’ हा प्रश्न झाला, आणि श्रोता थांबतो तो प्रश्नापाशीच.

रोजचा भाग ३० मिनिटांचा धरला आणि त्यातून प्रास्ताविक आणि समारोप वजा केले, तर जेमतेम २६ मिनिटे उरतात. म्हणून दोनच पाहुणे बोलवावेत. तिसरा आला की कोणाचेच म्हणणे पूर्ण होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

श्रोत्याला चेहरे दिसत नाहीत, शिवाय तो चर्चेच्या मध्येच येऊन मिळतो. त्यामुळे पाहुण्याला वारंवार नावाने संबोधावे आणि दर काही मिनिटांनी प्रश्न पुन्हा सांगावा. ‘४८.७ टक्के’ कानावरून निसटते, ‘जवळपास निम्मे’ लक्षात राहते. वैद्यकीय चर्चेत औषधाची मात्रा सांगू नये, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. संशोधनाचा दाखला दिला गेला, तर ते किती जणांवर झाले, हे सूत्रसंचालकाने तिथेच विचारावे.

मायक्रोफोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा झोत थेट आदळत नाही. टिपणांची पिन आधीच काढावी. कागद उलटू नये, अलगद बाजूला सरकवावा. ध्वनिमुद्रण संपल्यावर सर्वांनी ३० सेकंद गप्प बसून खोलीची शांतता मुद्रित करावी, कारण संपादनात कापलेल्या जागा तिनेच सांधता येतात.