कथेतल्या पेशंटला काढ्याने बरं करायचंय? मग आधी आजाराचं कॅलेंडर काढा

माझ्या एका जुन्या कथेत हिरोला टायफॉइड होतो, आजी त्याला तुळस-आलं-अडुळशाचा काढा पाजते, रात्रभर दरदरून घाम येतो आणि सकाळी गडी गॅलरीत उभा राहून चहा पितोय. मला भारी वाटलेलं. शेजारच्या काकू रिटायर्ड नर्स, त्यांना हौसेने वाचायला दिली. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "अगं, ह्याला टायफॉइड झालेला की पडसं?"

तेव्हापासून मी काढा नंतर लिहिते, आधी आजाराचे दिवस मांडते. एक कागद घ्यायचा आणि रोजचं पेशंटचं काय होतंय ते लिहायचं, औषध काहीच नाही असं धरून. टायफॉइड असेल तर पहिल्या आठवड्यात ताप जिना चढल्यासारखा रोज थोडा थोडा वर, दुसऱ्यात चढलेलाच राहतो आणि माणूस ग्लानीत बडबडतो, तिसऱ्यात खरा धोका कारण आतड्याला भोक पडू शकतं, आणि नशीब असेल तर चौथ्यात उतार. 1948 साली क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक हाती येईपर्यंत गिरगावातला वैद्य काय आणि एमडी डॉक्टर काय, दोघांच्या हातात पातळ पथ्य, कपाळावर ओली घडी आणि वाट बघणं एवढंच होतं. त्यामुळे कथा 1935 ची असेल तर काढ्याने ताप उतरवू नका, पण भूक लागली म्हणून रडणाऱ्या पोराला आजी तीन आठवडे पेजेवर ठेवते तो हट्ट दाखवा, त्या काळात उपचार म्हणजे तोच होता.

आता काविळीची माळ. ती डोक्यावर ठेवतात, गाठी सैल होत जातात तशी ती रोज लांबते, गळ्यात उतरते, मग छातीवर, आणि घरचे म्हणतात बघा कावीळ उतरतेय. हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच जाते, म्हणून माळवाल्याला बहुतेक वेळा यश येतं. लेखकासाठी हे सोनं आहे कारण इथे कोणी खोटं बोलत नाहीये, सगळे मनापासून चुकतायत.

पण तुमची कथा मुंबईच्या पावसात असेल तर मी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस घेईन. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर लेप्टोची साथ आली हे आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. उंदराच्या लघवीतले जंतू पाण्यात, पायाला चप्पल लागून झालेली छोटी जखम, तेवढी पुरते. तुमचा हिरो कमरेएवढ्या पाण्यातून घरी येतो, आठ-दहा दिवस काहीच नाही, मग थंडी वाजून ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाही. आई काढा सुरू करते. आणि गंमत म्हणजे लेप्टोचा ताप कधीकधी मधेच उतरतो, काढा द्या नाहीतर नुसतं गरम पाणी द्या. घरात आनंदीआनंद, आई मामीला फोन करून सांगते गुळवेलीचा गुण आला. दोन दिवसांनी ताप परत, डोळे पिवळे, लघवी कमी. आणि पिवळं म्हणजे कावीळ, म्हणून त्याला माळवाल्याकडे नेतात आणि तिथे मोलाचे तीन दिवस जातात. वेगळा व्हिलन लागतच नाही. (घरात खरा पेशंट असेल तर हे वाचत बसू नका, पाण्यातून चालून ताप आलाय एवढं सांगून थेट हॉस्पिटल.)

वैद्याला मात्र मूर्ख किंवा देवमाणूस करू नका प्लीज. चांगला वैद्य नाडी धरण्याआधी विचारतो, "सकाळपासून लघवीला किती वेळा गेला?" आणि उत्तर ऐकून पुडी बांधायची थांबतो, "वहिनी, टॅक्सी बोलवा."

घरगुती उपायाने खरोखर जीव वाचवायचाच असेल तर पटकी घ्या, म्हणजे कॉलरा. तिथे माणूस मरतो तो मुख्यतः पाणी आणि मीठ गेल्यामुळे, तासाला लिटरभरसुद्धा जातं, डोळे खोल, आवाज बसलेला, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यूंचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणलं. म्हणजे मीठ घातलेली भाताची पेज चमच्याने रात्रभर भरवणारी बाई तुमच्या कथेत शोभते. फक्त ती रात्रभर बसली पाहिजे, ओकलं की दहा मिनिटं थांबून परत चमचा.

वनस्पतीचं औषध चालतं तिथेही ते फुकट चालत नाही. सर्पगंधेवर आपल्या मुंबईच्याच डॉ. रुस्तम वकील यांचा ब्लडप्रेशरचा पेपर 1949 चा, मूळ खरंच प्रेशर उतरवतं, पण सावकाश, आणि नाक चोंदतं, झोप येते, काही जण उदास होतात. तुमच्या सासऱ्याचं प्रेशर खाली आलं आणि तो खिडकीशी गप्प बसून राहिला तर ते वाचकाला पटतं.

काढ्याचं लिहाल तेव्हा हात काळे करा. भरड चमचाभर, पाणी दोन कप, अर्धा कप उरेपर्यंत आटवायचं, झाकण न ठेवता, सगळ्या खोलीत कडवट वाफ, पातेल्याच्या कडेला तपकिरी वळ जो घासून जात नाही. पेशंट नाक दाबून पितो आणि निम्मा ओकतो.

बरं होणंही उशिरा लिहा. तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस दुसऱ्याच्या कठड्याला धरून थांबतो, फणीत केसांचा पुंजका येतो, ऑफिसला गेला की दुपारी डोकं टेबलावर. आणि पुढच्या पावसाळ्यात आईने चहासाठी नुसतं आलं किसायला घेतलं तरी त्याला मळमळलं पाहिजे.