रेडशिफ्ट वापरताय? स्क्रीनचे रंग बिघडवणाऱ्या या चुका टाळा

संध्याकाळ झाली की स्क्रीन आपोआप पिवळसर करणारा रेडशिफ्ट लिनक्सवर बरेच जण वापरतात. तो बिघडला की लोक आधी रंगाच्या तापमानाचे (केल्विनमधले) आकडे बदलत बसतात. दोष तिथे क्वचितच असतो. एक तर प्रोग्रॅमला सूर्य कुठे आहे हे चुकीचं कळलेलं असतं, नाहीतर ग्राफिक्स कार्डातल्या एकाच गॅमा तक्त्यावर (कुठला रंग स्क्रीनवर किती उजळ दाखवायचा हे ठरवणाऱ्या आकड्यांवर) दोन-तीन प्रोग्रॅम एकदम हात चालवत असतात. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी रेडशिफ्ट पूर्ण बंद करा आणि टर्मिनलमधून लहान ‘-व्ही’ लावून चालवा. ठिकाण, सूर्याची उंची आणि दिवस की रात्र, हे सगळं तो स्वतःच छापतो. निम्मं निदान तिथेच होतं.

ठिकाण शोधायचं काम जिओक्लूवर सोडणं

ठिकाणाची वाट पाहतोय असा संदेश येतो आणि पुढे काहीच हलत नाही. बऱ्याचदा आढळणारी अडचण हीच. रेडशिफ्ट ठिकाण जिओक्लूकडून, म्हणजे लिनक्सवरच्या ठिकाण सांगणाऱ्या सेवेकडून घेतो, आणि जिओक्लू अनेक वर्षं मोझिलाच्या लोकेशन सेवेवर विसंबून होता. ती सेवा २०२४ मध्ये बंद झाली. लॅपटॉप काही रोज वेगळ्या खंडात जात नाही, तेव्हा ठिकाण हाताने लिहून मोकळं व्हा. घरच्या फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिगमध्ये रेडशिफ्टची कॉन्फ फाईल असते. तिच्यात ‘रेडशिफ्ट’ या चौकटी कंसातल्या भागात लोकेशन-प्रोव्हायडर ‘मॅन्युअल’ ठेवा आणि खाली ‘मॅन्युअल’ नावाचा वेगळा भाग करून ‘लॅट’ (अक्षांश) व ‘लॉन’ (रेखांश) भरा. पुण्यासाठी १८.५२ आणि ७३.८६, मुंबईसाठी १९.०८ आणि ७२.८८, नागपूरसाठी २१.१५ आणि ७९.०९. फाईलमध्ये नावं आणि आकडे अर्थात इंग्रजीतच लिहायचे. भागाचं शीर्षक विसरून थेट ओळी लिहिल्या तर फाईल वाचलीच जात नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली की पुणं नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात जाऊन पडतं. तिथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, त्यामुळे स्क्रीन भर दुपारीही नारिंगी. जूनमध्ये तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्री दोनलाही ती निळसर पांढरी. दुसरी चूक उणे चिन्हाची. रेखांशाआधी उणे पडलं तर आपण हैतीत पोचतो आणि सूर्य जवळजवळ दहा तास मागे पडतो: पहाटे चारच्या सुमारास ‘रात्र’ सुरू होते ती दुपारी चारपर्यंत. पूर्व रेखांश नेहमी धन, हे पक्कं ठेवा.

ठिकाण बरोबर असूनही दुपारी एकच्या सुमारास रंग बदलायला लागले तर घड्याळ बघा. एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स असेल तर विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं आणि साडेपाच तास पुढे जातं. इंटरनेटवरून वेळ जुळली की ठीक होतं, पण नेट नसताना पुन्हा तेच. कायमचा उपाय म्हणजे विंडोजलाही यूटीसी वापरायला सांगणं.

सूर्याची भानगडच नको असेल तर डॉन-टाइम आणि डस्क-टाइम या ओळींत वेळा द्या. दोन्ही द्याव्या लागतात, एकच दिली तर चालत नाही. वेळा दिल्यावर ठिकाणाची गरजही उरत नाही. पण शक्य असेल तर सूर्यावरच ठेवा. मूळ सेटिंगमध्ये बदल सूर्य क्षितिजाच्या ३ अंश वर असताना सुरू होतो आणि ६ अंश खाली गेल्यावर संपतो. महाराष्ट्रात याला साधारण ४० मिनिटं लागतात, म्हणजे बदल डोळ्यांना जाणवतही नाही.

स्क्रीन लुकलुकणं, रंग साचत जाणं

दर काही सेकंदांनी रंग इकडून तिकडे उडत असेल तर दोन प्रोग्रॅम भांडतायत. रेडशिफ्ट दर ५ सेकंदांनी आपली आकडेवारी तक्त्यात पुन्हा लिहितो, आणि डेस्कटॉपची नाइट लाइट चालू असेल तर तीही लिहिते. कधी भांडणारे दोघेही रेडशिफ्टच असतात: एक सिस्टमडीच्या (मशिन चालू होताना प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) सेवेतून चालू झालेला, दुसरा ट्रेमधल्या आयकॉनवाला. चालू प्रोसेस तपासा, एकच ठेवा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतला लो ब्लू लाइट मोडही बंद करा. तो तक्त्याला धक्का लावत नाही, पण परिणामात भर घालतो आणि ४५०० केल्विन प्रत्यक्षात बराच लाल दिसतो.

कॅपिटल ‘-ओ’ देऊन एकदाच रंग लावणाऱ्यांची गल्लत वेगळी. १.१२ ही आवृत्ती तक्त्यात आधीच असलेल्या बदलावर नवा बदल चढवते, म्हणून तीच कमांड तीनदा दिली की स्क्रीन तीनपट लालभडक. सोबत कॅपिटल ‘-पी’ जोडा, म्हणजे जुना तक्ता आधी पुसला जातो. मूळ रंग परत आणायला लहान ‘-एक्स’. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला असेल तर मात्र जपून, कारण त्याच्या रंग-प्रोफाइलची वक्ररेषाही याच तक्त्यात असते आणि पुसताना तीही जाते. नंतर प्रोफाइल पुन्हा लोड करा.

वेलँडवर रेडशिफ्ट चालवणं

संदेश सगळे बरोबर, पण रंग जैसे थे? तुमचं सेशन वेलँडचं असणार. वेलँड आणि जुनी एक्स११ या लिनक्सवर स्क्रीनवरचं चित्र दाखवणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. रेडशिफ्टची शेवटची आवृत्ती २०१८ ची, आणि ती एक्स११ साठी लिहिलेली आहे. वेलँडवर ग्नोम किंवा केडीई असेल तर त्यांच्याच सेटिंगमधली रात्रीची सोय वापरा. स्वे हा वेलँडवरचा विंडो मॅनेजर वापरत असाल तर गॅमास्टेप बसवा. तो रेडशिफ्टमधूनच फुटलेला आहे, म्हणून जुनी फाईल जवळजवळ तशीच चालते, फक्त पहिल्या भागाचं नाव ‘जनरल’ करायचं.

ब्राइटनेस याच फाईलमधून कमी करणं

ब्राइटनेस ०.५ केला की मागचा दिवा मंद होत नाही, फक्त २५६ छटांची जागा निम्म्यावर येते. आकाशाच्या फोटोत पट्टे दिसू लागतात आणि विजेची बचत काहीच होत नाही. हा आकडा १ वरच ठेवा, उजेड लॅपटॉपच्या कळांनी किंवा मॉनिटरच्या बटणांनी कमी करा.

माऊसचा बाण पांढराच राहिला तर तो बिघाड नाही. काही ड्रायव्हरांत बाण वेगळ्या थरात रंगतो आणि गॅमा तक्ता त्याला लागू होत नाही. स्क्रीनशॉटमध्येही पिवळेपणा येत नाही, कारण चित्र तक्त्यातून जाण्याआधीच टिपलं जातं.

आणि म्हणूनच पत्रिका, फ्लेक्स, फोटो असं रंगाचं काम रेडशिफ्ट चालू ठेवून अजिबात करू नका. ४५०० केल्विनवर पांढरा भाग पिवळा दिसतो, तो सुधारायला माणूस निळा वाढवतो, आणि छापून आलेल्या पत्रिकेत चेहरे निळे पडतात. चालू प्रोसेसला ‘यूएसआर१’ सिग्नल पाठवला की रेडशिफ्ट थांबतो, तोच पुन्हा पाठवला की सुरू होतो. कीबोर्डच्या एका शॉर्टकटला तो बांधून ठेवा, आणि बंद केल्यावर डोळे सरावायला काही मिनिटं देऊनच रंगांना हात लावा.