न्यूमोनिया परत आला? आधी वही काढा

माझ्या मुलाला एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया आहे. त्याच्या शरीरात अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, जवळजवळ बनतच नाहीत, म्हणून छातीचा जंतुसंसर्ग परतपरत होतो. आम्ही बार्शीचे. आजाराचं नाव कळेपर्यंत बरेच डॉक्टर झाले आणि प्रत्येकाने समोरचा एक न्यूमोनिया नीट बरा केला. आधीचे सगळे कुणाला माहीत? घरच्यांना. म्हणून वही.

प्रत्येक आजारपणाला एक पान. तारीख, वजन, ताप, अँटिबायोटिकचं नाव, तोंडाने की शिरेतून, किती दिवस, आणि एक्स-रेत डाग कुठल्या बाजूला. ही बाजू आवर्जून लिहा. दरवेळी एकाच जागी डाग असेल, तर तिथे शेंगदाणा किंवा डाळीचा दाणा अडकलाय का, फुप्फुसाच्या रचनेतच काही दोष आहे का, हे बघावं लागतं. जागा बदलत राहिली, की प्रतिकारशक्तीचा संशय वाढतो. फिल्मा गादीखाली सपाट ठेवा. मोबाइलवरचा फोटो पुरत नाही.

वर्षात दोन न्यूमोनिया झाले, कान सारखा वाहतोय, वजन वाढत नाही, असं असेल तर सरळ विचारा, "डॉक्टर, इम्युनोग्लोब्युलिन तपासायचं का?" इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीच. त्यांचे आयजीजी, आयजीए, आयजीएम हे प्रकार मोजतात, सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचआयव्ही. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवण्याआधीच नमुना द्या, नाहीतर दुसऱ्याच्याच अँटीबॉडी मोजल्या जातात. क्षयाची औषधं सुरू करायची म्हणाले, तर कुठल्या तपासणीवरून, हेही विचारा. पुढच्या खास तपासण्या मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होतात.

माहेरी एक प्रश्न विचाराच. लहानपणी गेलेला मामा, मावशीचा मुलगा? हा आजार आईकडून मुलग्यांत येतो. माझा एक मामा "डब्बा होऊन" (लहान मुलांच्या न्यूमोनियाला असं म्हणतात) गेला, एवढंच घरात बोललं जायचं. हे सांगितलं की सासरी टोमणे येतात. येऊ द्यात, डॉक्टरांना सांगा.

निदान झालं की शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, साधारण दर तीन-चार आठवड्यांनी, किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम. मूल वाढलं की डोसही वाढायला हवा, म्हणून दरवेळी आधी वजन करून घ्या. बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर वहीत चिकटवा. अधूनमधून पुढच्या डोसच्या आधी आयजीजी मोजतात, तो आकडाही लिहा. डोकं दुखलं किंवा थंडी वाजली तर लगेच सिस्टरना सांगा, थेंबांचा वेग कमी करतात. खर्चासाठी २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात आपल्या मुलाचं बसतं का, ते केईएममध्ये विचारा; ते त्या धोरणाखालचं केंद्र आहे.

पल्स पोलिओच्या रविवारी दारात आलेल्या ताईंना नम्रपणे नाही म्हणा. या मुलांना तोंडावाटे पोलिओचे थेंब द्यायचे नाहीत, घरातल्या भावंडांनाही नाही. भावंडांना इंजेक्शनची लस मिळते. डॉक्टरांची चिठ्ठी वहीत असली की वाद होत नाही. इतर प्रत्येक लशीबद्दल आधी विचारून घ्या.

घरात धुरी, धूप, अगरबत्ती, चूल यांचा धूर मुलापर्यंत जाऊ देऊ नका. आमच्याकडे यावर सगळ्यात मोठं भांडण झालं, आणि ते मी जिंकले. पाणी उकळूनच. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका, त्यांनी अँटीबॉडी तयार होत नाहीत. कफ काढायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि जेवणाआधी करा, नाहीतर उलटी होते. कफ साचून राहिला की श्वासनलिका कायमच्या रुंदावतात.

श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना, अंगरखा वर करून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर दिसतायत, मूल दूध ओढत नाही, तर तडक दवाखाना गाठा. घरगुती उपाय म्हणून अंगाला बिब्बा लावायचा नाही.

वहीच्या पहिल्या पानावर इंग्रजीत आजाराचं नाव, रक्तगट, शेवटच्या डोसची तारीख आणि नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर लिहा. रात्रीच्या कॅज्युअल्टीत नवखा डॉक्टर असतो. आधी ते पान त्याच्यासमोर धरा, मग बोला.