इंदूरच्या घरात मायक्रोप्लास्टिक कमी कसं करावं?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे कण म्हणजे मायक्रोप्लास्टिक. पाणी, अन्न आणि हवा यांतून ते शरीरात जातात. 2022 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांना 22 पैकी 17 रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं. यातून पूर्ण सुटका कोणाचीच नाही, पण घरात बरंच टाळता येतं. सुरुवात गरम पदार्थांपासून करा, कारण उष्णतेने प्लास्टिक जास्त झडतं.

1. चहाचा कप बदला. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. अशा कपात 100 मिली गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तर सुमारे 25,000 सूक्ष्म कण त्यात उतरतात, असं खरगपूर आयआयटीच्या संशोधकांना आढळलं. टपरीवर काचेचा ग्लास किंवा कुल्हड मागा. दुकानात, ऑफिसात प्लास्टिकच्या थैलीतून चहा मागवायची सवय तर आजच मोडा. पोऱ्यासोबत थर्मास पाठवा.

2. डबा घेऊन निघा. रविवारी पोहे-जलेबी आणायला जाताना स्टीलचे दोन डबे पिशवीत टाका. वाफाळते पोहे पन्नीत बांधून घेऊ नयेत. घरी उरलेली भाजी मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात गरम करा. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलं असलं, तरी त्यातून कण सुटत नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे.

3. पाणी उकळा. बाटलीबंद पाणी यावर उपाय नाही, त्यातही हे कण असतात. घरी बोरिंगचं जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी येत असेल तर ते पाच मिनिटं उकळा, निवू द्या आणि दाट फडक्यातून गाळून घ्या. उकळताना क्षार खाली बसतात आणि प्लास्टिकचे बरेच कण त्यांत अडकतात. 2024 मध्ये चीनमधल्या प्रयोगात जड पाण्यातले 90 टक्क्यांपर्यंत कण असे निघाले. मृदू पाण्यात मात्र सुमारे 25 टक्केच. साठवायला तांब्याचा किंवा स्टीलचा हंडा घ्या.

4. केर काढण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसा. पडदे, गालिचे, पॉलिएस्टरचे कपडे यांचे धागे धुळीत मिसळतात. कोरड्या झाडूने ते पुन्हा हवेत उडतात. रांगणारं मूल घरात असेल तर हे रोज करा.

5. भाजी विळीवर किंवा लाकडी पाटावर चिरा. प्लास्टिकच्या पाटावर सुरीचे चरे दिसू लागले, की तो काढून टाका.

हळदी-कुंकवाला किंवा मुंजीला माणसं जास्त असली, तर डिस्पोजेबल आणण्याऐवजी शेजारच्या दोन घरांतून स्टीलचे पेले मागून आणा.