'अलीव्हिएट' नेमका कुठे वापरायचा?

इंग्रजी बातम्यांत, रिपोर्टमध्ये, औषधाच्या माहितीपत्रकात अलीव्हिएट हा शब्द हमखास येतो आणि बरेच जण त्याचा अर्थ 'बरं करणं' असा धरून पुढे जातात, तिथेच घोळ होतो. अलीव्हिएट म्हणजे त्रास हलका करणं. लॅटिनमध्ये लेव्हिस म्हणजे वजनाला हलकं, त्यातूनच हा शब्द आलाय.

समजा दाढ ठणकतेय, गोळी घेतली, तासाभरात ठणका कमी झाला पण कीड आहे तिथेच आहे, तर गोळीने पेन अलीव्हिएट केलं, दाढ क्युअर नाही केली. हा फरक पक्का डोक्यात ठेवा, बाकी सगळं सोपं आहे.

आता वाक्यात कसा घालायचा ते बघू. अलीव्हिएटच्या पुढे त्रासाचं नाव येतं, माणसाचं नाही. पेन, सफरिंग, सिम्प्टम्स, स्ट्रेस, पॉव्हर्टी, शॉर्टेज, ट्रॅफिक कंजेशन यातलं काहीही चालतं. 'द टॅब्लेट अलीव्हिएटेड हर पेन' बरोबर, पण 'द टॅब्लेट अलीव्हिएटेड हर' असं लिहू नका, तिथे रिलीव्ह घ्या. आणि मध्ये 'फ्रॉम' घुसवायची गरज नसते, ही चूक खूप दिसते.

मिटिगेटशी पण लोक गल्लत करतात. दोघांचे अर्थ जवळचे आहेत हे खरं, पण ढोबळमानाने बघा, माणूस आत्ता जे सोसतोय ते कमी करायचं तर अलीव्हिएट, आणि धोका किंवा नुकसान कमी करायचं तर मिटिगेट. म्हणून पुराची रिस्क मिटिगेट करतात आणि पूरग्रस्तांचे हाल अलीव्हिएट करतात.

बोलताना जोर 'ली' वर द्या, स्पेलिंगमध्ये एल दोनदा. शब्द जरा फॉर्मल आहे, निबंधात, अर्जात शोभतो, मित्राशी बोलताना मात्र मला तरी ईझ किंवा रिलीव्हच बरा वाटतो.

नाम होतं अलीव्हिएशन. पॉव्हर्टी अलीव्हिएशन म्हणजे गरिबीची झळ कमी करणं, गरिबी मुळापासून उपटणं म्हणजे इरॅडिकेशन. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची जी 17 उद्दिष्टं ठरवली त्यातल्या पहिल्याच उद्दिष्टात क्रियापद 'एंड' आहे, म्हणजे गरिबी संपवायची असं थेट म्हटलंय, त्यामुळे त्यावर लिहिताना तिथे अलीव्हिएट टाकलंत तर अर्थ पातळ होतो.